लाखेचा थर : गुलाम याझदानी आणि अजिंठा

हार्डवेअरच्या दुकानात फोमचा एक डबा मिळतो. डबा हलवायचा, नळी लावायची, खटका दाबायचा आणि खिडकीच्या चौकटीच्या फटीत किंवा एसीच्या पाइपभोवतीच्या भोकात फेस सोडायचा. पहिल्यांदा वापरणारा माणूस फट काठोकाठ भरतो आणि समाधानाने मागे सरकतो. मग फेस फुगायला लागतो. चौकटीवरून ओघळतो, फरशीवर पडतो, हाताला चिकटतो, केसांत जातो. माणूस घाबरून ओलं फडकं घेतो आणि पुसायला लागतो. इथेच तो फसतो!

कारण हा फेस वाळतो तोच मुळी पाण्याने. डब्यात आयसोसायनेट गटाची रसायनं असतात. हवेतल्या बाष्पाशी त्यांची रिॲक्शन होते, कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे बुडबुडे फेस फुगवतात आणि त्याच वेळी रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. हे पॉलियुरेथेन. जर्मनीत लेव्हरकुसेनला ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली ते शोधून काढलं. फेस ओला आहे तोवर ॲसिटोनमध्ये विरघळतो, म्हणून कोरडं फडकं आणि ॲसिटोन घेऊन लगेच पुसायचं. (रंगावर किंवा प्लास्टिकवर आधी कोपऱ्यात टेस्ट घ्यायची, कारण ॲसिटोन त्यांनाही खातं.) एकदा जाळं घट्ट बांधलं गेलं की घरातलं कुठलंच सॉल्व्हंट त्याला विरघळवत नाही. मग पातं, पटाशी, सॅंडपेपर आणि धीर. हाताचा फोम तर चार-पाच दिवसांनी कातडीबरोबरच निघतो.

म्हणजे लावायला एक मिनिट, काढायला आठवडा. थोडक्यात, लावणं आणि काढणं या दोन पूर्ण वेगळ्या प्रोसेस आहेत, आणि आपण विकत घेतो फक्त पहिली.

आता तुम्ही म्हणाल, मराठी विभागात हे काय केमिस्ट्रीचं लेक्चर चाललंय? तर सांगायचं असं की, याच जातीची एक साफसफाई आपल्या जिल्ह्यात झाली आहे. ती चालली काही दशकं, आणि खाली होती जगातली सगळ्यात मौल्यवान भिंत. जागा अजिंठा. काळ १९२० ते १९२२. आणि हे काम ज्यांच्या देखरेखीखाली झालं ते गुलाम याझदानी. अजिंठ्याचं नाव घेतलं की आपल्याला जॉन स्मिथ आठवतो, मेजर गिल आणि पारो आठवतात. याझदानींचं नाव मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्यांबाहेर फारसं निघत नाही. वास्तविक अजिंठा आज जसा आपल्यापर्यंत पोचला आहे, त्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे. चांगल्याही बाजूने आणि त्या थराच्याही बाजूने.

गुलाम याझदानी यांचा जन्म १८८५ साली दिल्लीत झाला. योगायोग पाहा, त्याच वर्षी लंडनमध्ये आग लागून अजिंठ्याच्या चित्रांच्या शंभराहून जास्त प्रती जळाल्या. त्या आगीकडे पुढे येऊच. याझदानींचं शिक्षण दिल्लीत झालं. अरबी आणि फारसी हे त्यांचे विषय. जुने शिलालेख वाचणं ही त्यांची खरी आवड. मशिदींच्या कमानींवरची, किल्ल्यांच्या दरवाजांवरची, कबरींवरची अक्षरं वाचायची, त्यांचे ठसे घ्यायचे, तारीख जुळवायची आणि छापून ठेवायची. भारतातल्या अरबी-फारसी शिलालेखांना वाहिलेल्या एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका या सरकारी प्रकाशनाचं संपादन त्यांनी अनेक वर्षं केलं. शिलालेख वाचणाऱ्याला एक सवय लागते. अक्षर जसं आहे तसंच उतरवायचं, आपल्या मनाने भर घालायची नाही. ही सवय त्यांच्या पुढच्या आयुष्यात फार कामाला आली.

१९१४ साली हैदराबाद संस्थानात पुरातत्त्व खातं सुरू झालं. गादीवर सातवे निजाम मीर उस्मान अली खान होते. खात्याचे पहिले संचालक म्हणून याझदानींची नेमणूक झाली, तेव्हा त्यांचं वय होतं एकोणतीस! आपल्यातले बरेच जण त्या वयात दुसरी नोकरी शोधत असतील. आणि कार्यक्षेत्र केवढं? आजचा मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकचा ईशान्य भाग. त्यात अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, पैठण, बीदर, गुलबर्गा, वरंगळ, रामप्पाचं देऊळ, सगळं आलं.

खातं सुरू होताच एक मोठा शोध लागला, आणि तो लावला चक्क एका इंजिनिअरने. रायचूर भागात मस्की इथे सोन्याच्या खाणीचं काम पाहणारे सी. बीडन यांना १९१५ साली एका खडकावर कोरलेली अक्षरं दिसली. तो सम्राट अशोकाचा लेख निघाला. तोपर्यंत सापडलेल्या लेखांत राजाचं नाव देवानांपिय पियदसि एवढंच येत असे. मस्कीच्या लेखात अशोक हे नाव स्पष्ट आलं आणि देवानांपिय म्हणजेच अशोक, हे पक्कं झालं. हैदराबादच्या पुरातत्त्व ग्रंथमालेचं पहिलं पुष्प याच लेखावर आहे. याझदानींनी घातलेली शिस्त ही अशी होती : सापडलं की छापा. जे छापलं नाही ते सापडलंच नाही असं समजा.

पण त्यांच्यापुढचं सगळ्यात अवघड काम होतं अजिंठ्याचं.

अजिंठ्याची लेणी २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली, हे आपण शाळेत शिकलो. त्याने दहाव्या लेण्यात एका खांबावर चित्रावरच आपलं नाव आणि तारीख कोरली, हेही बऱ्याच जणांना माहीत असेल. म्हणजे शोध लागला त्याच दिवशी नुकसानीलाही सुरुवात झाली. पुढे मुंबईच्या डॉ. बर्ड यांनी चित्रांचे तुकडे भिंतीवरून काढून नेण्याचा प्रयत्न केला, ते तुकडे भुगा झाले. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं तिथे राहून मोठमोठ्या प्रती रंगवल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी आले. तेरा वर्षं काम करून त्यांनी सुमारे तीनशे कॅनव्हास रंगवले. त्यातल्या शंभरावर प्रती १८८५ च्या आगीत जळाल्या.

ग्रिफिथ्स यांच्या तुकडीने आणखी एक गोष्ट केली. धुळीने चित्रं मंद दिसत होती. प्रत काढायला रंग नीट दिसायला हवेत. म्हणून त्यांनी मूळ भिंतींवर हलक्या प्रतीचं वार्निश मारलं. रंग लगेच खुलले!

हे का होतं ते आपल्याला समजायला सोपं आहे. जुन्या रंगाचा पृष्ठभाग खरखरीत असतो. त्यावर पडणारा प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून रंग पांढुरका वाटतो. धूळ बसलेल्या शहाबादी फरशीवर पाणी ओतलं की ती एकदम काळीभोर दिसते ना, तसंच वार्निशचं. खाचा भरतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, प्रकाश कमी विखुरतो आणि रंग गडद दिसतो. फरक एवढाच की पाणी अर्ध्या तासात उडून जातं. वार्निश जात नाही.

याझदानींनी सूत्रं हातात घेतली तेव्हा लेण्यांची अवस्था अशी होती. छताला वटवाघळं, त्यांची विष्ठा चित्रांवर. लेण्यांत राहून गेलेल्या साधू-बैराग्यांच्या चुलींचा आणि धुनीचा धूर. पावसाळ्यात झिरपणारं पाणी. वर ग्रिफिथ्सच्या काळचं वार्निश. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गिलावा भिंतीपासून सुटत चालला होता.

हा गिलावा म्हणजे काय ते समजून घेतलं पाहिजे. सिव्हिलवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं. बेसाल्टच्या खडबडीत भिंतीवर मातीचा थर. मातीत भाताचं तूस आणि गवत-झाडांचे तंतू मिसळलेले, म्हणजे ते एक प्रकारचं फायबर रीइन्फोर्समेंटच. त्यावर गुळगुळीत बारीक थर, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. रंग बहुतेक मातीचे आणि दगडांचे : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा रंग लाजवर्द दगडाचा, तो बाहेरून आणलेला. हे रंग डिंक किंवा सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवून कोरड्या पृष्ठभागावर लावले. युरोपात फ्रेस्को करताना ओल्या चुन्यावर रंग देतात, त्यामुळे रंग चुन्यातच कायमचा अडकतो. अजिंठ्याला आपण सहज फ्रेस्को म्हणतो, पण ते तंत्र इथलं नाही. इथला रंग पाण्याला घाबरतो. म्हणजे पाण्याने पुसणं बाद. खरवडणं तर बादच. आणि काहीच केलं नाही तर एके दिवशी गिलाव्याचा अख्खा पापुद्रा खाली.

याझदानी काही रसायनशास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी जे केलं ते आपणही केलं असतं : जगातले सगळ्यात अनुभवी लोक बोलावले. भित्तिचित्रांची दुरुस्ती म्हटलं की त्या काळी इटलीचं नाव होतं. निजाम सरकारने खर्च उचलला आणि इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहायक काउंट ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ आले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी अजिंठ्यात काम केलं. आजच्यासारखी वीज, गाड्या, हॉटेलं यातलं तिथे काही नाही. डोंगर, वाघूर नदी आणि आजूबाजूला जंगल.

त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीला पुन्हा धरवला, उघड्या पडलेल्या कडा बंद केल्या, काजळी आणि जुनं वार्निश जमेल तेवढं साफ केलं. आणि शेवटी चित्रांना संरक्षण म्हणून शेलॅकचा थर दिला. शेलॅक म्हणजे आपली लाख. झाडाच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा पदार्थ सोडतात, तो शुद्ध करून त्याचे पापुद्रे करतात. बाजारात त्याला चपडा म्हणतात. अल्कोहोलमध्ये तो छान विरघळतो. फर्निचरला जे फ्रेंच पॉलिश करतात ते हेच. मारलं की तासाभरात वाळतं, चमक येते, धूळ आणि दमट हवा बाहेर राहते. भारतात मुबलक मिळणारा पदार्थ, अनेक वर्षं वापरात असलेला. वाईट काय त्यात?

काम संपलं तेव्हा सगळे खूश होते. रंग उजळले होते, गिलावा घट्ट बसला होता. आता निदान दोनशे वर्षं अजिंठ्याची काळजी नाही, असा विश्वास याझदानींना वाटत होता आणि तसं त्यांच्या खात्याने जाहीरही केलं होतं.

दोनशे सोडा, थराने शंभरही धड काढली नाहीत.

लाखेचं असं आहे की, ती वाळली म्हणजे काम संपलं असं होत नाही. अल्कोहोल उडून जातं, पण उरलेल्या रेणूंची आपापसात रिॲक्शन वर्षानुवर्षं चालू राहते. ते एकमेकांना जोडले जातात, साखळ्या लांबतात, थर कडक आणि ठिसूळ होतो. रंग आधी पिवळा, मग तपकिरी. आणि खरी गोम ही की, ज्या अल्कोहोलमध्ये लाख सहज विरघळली होती, त्याच अल्कोहोलमध्ये जुनी लाख नीट विरघळत नाही. फोमला जे एका दिवसात होतं ते लाखेला काही दशकांत झालं, एवढाच फरक. शिवाय आकसणारा थर आपल्याबरोबर खालचा रंगही ओढतो, मग खपल्या सुटतात. थराला धूळ आणि काजळी चिकटते, वटवाघळं आपलं काम चालूच ठेवतात. ज्या थराने चित्रं उजळली त्यानेच ती झाकली. दहाव्या लेण्यातली चित्रं तर भारतातल्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी, इसवी सनापूर्वीच्या काळातली. ती इतकी काळवंडली की माणसं समोर उभी राहून काही न पाहताच परत जात.

इथे याझदानींना नावं ठेवणं सोपं आहे. पण मला ते पटत नाही. त्या काळात लाख ही दुरुस्तीतली मान्य वस्तू होती. आज आपण एखादं मटेरियल ओव्हनमध्ये, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ठेवून त्याचं पन्नास वर्षांचं वय काही आठवड्यांत पाहतो. तशी टेस्ट त्यांच्या हाती नव्हती. जे लावायचं ते पुढे काढता आलं पाहिजे, हा नियम दुरुस्तीच्या शास्त्रात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. आणि तो रुजायला अजिंठ्यासारखे अनुभवच कारणीभूत ठरले. शिवाय सुटत चाललेला गिलावा वेळेत धरला गेला, हे त्या कामाचं श्रेय आहेच. पडलेल्या गिलाव्यावरचा थर काढायला कोणी येत नाही.

पण याझदानी मोठे ठरतात ते त्यांनी यापुढे केलेल्या कामामुळे.

अजिंठ्याची दुरुस्ती झाली, आता फाइल बंद, असं त्यांनी केलं नाही. लेण्यांसाठी क्युरेटर नेमला गेला. ते होते चित्रकार सय्यद अहमद. १९०९ ते १९११ मध्ये लेडी हेरिंगहॅम यांनी अजिंठ्याच्या प्रती काढल्या, तेव्हा नंदलाल बोस यांच्यासारख्या कलकत्त्याच्या तरुणांबरोबर सय्यद अहमदही होते. ते अजिंठ्यात राहून जपून, मोजून प्रती काढत राहिले. फर्दापूरपर्यंत रस्ता आणि विश्रामगृह झालं. आणि मग याझदानींनी आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हाती घेतलं : अजिंठ्यातलं प्रत्येक महत्त्वाचं चित्र फोटोत उतरवायचं, रंगीत आणि कृष्णधवल, आणि प्रत्येकाचं वर्णन लिहायचं.

फोटो काढले ई. एल. व्हॅसी यांनी. त्या काळात रंगीत फोटो म्हणजे काचेच्या प्लेट्स, आणि तेही गुहेच्या अंधारात. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने अजिंठा या नावाने हे ग्रंथ छापले. पहिला भाग १९३० मध्ये आला, दुसरा १९३३ मध्ये. पहिल्या भागाची प्रस्तावना इंग्रज कवी आणि कलासमीक्षक लॉरेन्स बिन्यन यांनी लिहिली. तिसरा भाग यायला १९४६ उजाडलं, मध्ये दुसरं महायुद्ध होऊन गेलं. चौथा आणि शेवटचा भाग १९५५ मध्ये निघाला. पंचवीस वर्षं! १९४३ साली याझदानी निवृत्त झाले होते. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, ज्या सरकारने पुस्तक सुरू केलं ते सरकारच उरलं नाही, अजिंठा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे एएसआयकडे गेला. तरी हा माणूस आपलं काम पुरं करतच राहिला. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर जरा विचार करावा!

मधल्या काळात बाकीची कामंही चालूच होती. मांडूवर त्यांचं पुस्तक १९२९ मध्ये आलं. १९३० च्या दशकात पैठणला उत्खनन झालं. बीदरचा इतिहास आणि तिथल्या वास्तू यांवरचा मोठा ग्रंथ १९४७ मध्ये आला. दख्खनच्या प्राचीन इतिहासाचे खंड त्यांच्या संपादनाखाली १९६० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते पंचाहत्तरीत होते. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९६२ साली हैदराबादला त्यांचं निधन झालं. फारसी शिलालेखांपासून सुरुवात केलेल्या एका दिल्लीकराने आयुष्यभर सांभाळली ती बौद्ध भिक्षूंसाठी रंगवलेली भिंत, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता साफसफाईकडे येऊ. अजिंठा आपल्याकडे आल्यावर एएसआयच्या रसायनतज्ज्ञांनी जुनं वार्निश आणि लाख काढायला सुरुवात केली. पद्धत ऐकायला सोपी वाटते. वेगवेगळी सेंद्रिय सॉल्व्हंट्स ठरावीक प्रमाणात मिसळायची, कापसाचा बोळा अगदी थोडा ओला करायचा, एका छोट्या चौकोनावर हलकेच फिरवायचा आणि बोळ्याकडे बघायचं. बोळा तपकिरी झाला तर थर निघतोय. बोळ्यावर गेरूचा लाल किंवा हिरवा दिसला तर थांबायचं, कारण आता चित्रच निघतंय. मग मिश्रण बदलायचं, पुढचा चौकोन. अशा किती चौकोनांची भिंत होईल याचा हिशोब तुम्हीच करा. एका लेण्यात जे मिश्रण चालतं ते दुसऱ्यात चालेलच असं नाही, कारण प्रत्येक भिंतीवरचा थर, धूर आणि ओल निराळी.

गंमत म्हणजे, लाख काढणाऱ्या पिढीने संरक्षणासाठी स्वतःही एक पदार्थ वापरला : पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. हा फेव्हिकॉलच्या जातकुळीतला पॉलिमर. तेव्हा तो आधुनिक आणि सुरक्षित मानला जात होता. पुढे त्याचेही दोष कळत गेले. म्हणजे प्रत्येक पिढी आपल्या काळातलं सगळ्यात चांगलं मटेरियल घेऊन भिंतीसमोर उभी राहते, आणि पुढच्या पिढीच्या वाट्याला ते काढायचं काम येतं. म्हणून आता दुरुस्तीवाले आधी विचारतात की, वीस-पन्नास वर्षांनी हे विरघळेल का? काही ॲक्रिलिक रेझिन आज संग्रहालयांत वापरली जातात ती याच गुणासाठी. चिकटण्यात ती पहिल्या नंबरची नाहीत, पण वय झालं तरी सॉल्व्हंटमध्ये विरघळतात.

एकविसाव्या शतकात एएसआयच्या आपल्या शहरातल्या विज्ञान शाखेने दहाव्या लेण्याचं काम हाती घेतलं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं ते २०२३ मध्ये, त्याआधीपासूनची ही गोष्ट. लाख, काजळी आणि विष्ठा यांचे एकमेकांत मुरलेले थर हळूहळू उतरवले गेले आणि खालून दोन हजार वर्षांपूर्वीचे चेहरे दिसायला लागले. ज्या भिंतीला लोक काळी भिंत समजत होते तिच्यात राजा, त्याचा परिवार, हत्ती उभे होते.

आणि अशा कामात याझदानींचे ग्रंथ मोलाचे ठरतात. एखाद्या जागी मूळ रेषा कुठे जात होती, अमुक तुकडा केव्हापर्यंत भिंतीवर होता, हे पाहायला व्हॅसी यांचे फोटो आहेत. ते लाखेचा थर दिल्यानंतरचे आहेत हे खरं, पण थर तेव्हा ताजा होता. त्यानंतर किती गेलं आणि किती उरलं, याचं माप त्या पानांत आहे. म्हणजे याझदानींनी भिंतीवर जे चढवलं ते पुढच्यांना काढावं लागलं, पण कागदावर जे उतरवलं ते उपयोगी पडत राहिलं. दोनशे वर्षांची गॅरंटी त्यांनी लाखेला दिली होती. ती खरं तर त्या चार ग्रंथांना शोभली असती.

मित्रांनो, आपण सगळे उद्या काही ना काही लावणारच आहोत. कोणी काँक्रीट, कोणी कोटिंग, कोणी सॉफ्टवेअरचा पॅच. खोलीतल्या फटीत फोम तर आजच लावू. आपल्याला शिकवलं जातं ते कसं लावायचं. स्ट्रेंथ किती, क्युरिंग टाइम किती, खर्च किती. काढायचं कसं, यावर व्हायवात कोणी प्रश्न विचारत नाही. तो आपणच स्वतःला विचारायला हवा. आणि दुसरं म्हणजे काय लावलं, केव्हा लावलं, त्याआधी कसं होतं, हे लिहून ठेवायला हवं. कारण आपलं मटेरियल फसेल की टिकेल ते आपल्या हयातीत कळेलच असं नाही. नोंद असेल तर मागून येणाऱ्याच्या हातात निदान एक नकाशा असेल.

पुढच्या वेळी अजिंठ्याला जाल तेव्हा पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपाशी फोटो काढून परत फिरू नका. दहाव्या लेण्यात थोडा वेळ थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. काही भाग अजूनही काळपट आहे आणि शेजारीच मोकळे झालेले रंग आहेत. जिथे दोन्ही एकमेकांना भिडतात ती कड नीट पाहा. तिच्या एका बाजूला १९२० सालचा विश्वास आहे आणि दुसऱ्या बाजूला कापसाचा बोळा घेऊन एकेक चौकोन पुढे सरकलेली माणसं आहेत.